डावं पान, उजवं पान

रामटेके मॅडम गाडीत झोपायच्या तेव्हा त्यांच्या हातात पेन्सिल असायची. मांडीवर वह्यांचा गठ्ठा, वरच्या वहीत बोट, डोकं खिडकीच्या गजाला टेकलेलं. गोंदियाहून सुटलेली सकाळची पॅसेंजर सौंदडला पोचण्याआधी त्यांना आपोआप जाग यायची. पेन्सिल हातातून पडली असं त्यांच्यासोबत अप-डाऊन करणाऱ्या शिक्षकांपैकी कुणी कधी पाहिलं नाही.

सौंदडचं स्टेशन आणि हायवे यांच्या मधल्या एका शाळेत त्यांनी इंग्रजी शिकवलं. १९९९ साली मी त्यांच्या दहावीच्या वर्गात होते. पुढे गोंदियाच्या एका दैनिकात मला नोकरी लागली आणि बातमीच्या निमित्ताने त्याच गाडीने माझं जाणं-येणं सुरू झालं. त्यामुळे त्यांना मी वर्गात एक वर्ष आणि डब्यात अनेक वर्षं पाहिलं. डब्यात त्या बहुतेक झोपलेल्या असत.

उंची बेताची. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, उन्हाळा-पावसाळा दोन्हीला एकच काळी छत्री. खडूने बोटं फुटायची म्हणून खडूला जुन्या पेपराची पट्टी गुंडाळायच्या. वह्या पेन्सिलीने तपासायच्या. लाल शाईने लिहिलेलं पोरं वाचत नाहीत, फक्त लाल किती आहे ते बघतात, असं त्यांचं म्हणणं होतं. आवाज कधी चढत नसे. वर्गात गोंगाट झाला की त्या खुर्चीवर बसायच्या आणि खिडकीबाहेर बघत राहायच्या. दोन मिनिटांत वर्ग गप्प व्हायचा. मग म्हणायच्या, "झालं? मी आराम करत होते. तुम्ही काऊन थांबले?"

त्यांचं गाव चिचगड. वडील तेंदूपानं तोडायला जंगलात जायचे. त्या आश्रमशाळेत आणि नंतर नागपूरच्या वसतिगृहात राहून इंग्रजीत एम.ए. झाल्या. याबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या : "आमच्या घरात इंग्रजी बोलणारी पहिली मी. ऐकणारं अजून कोणी नाही."

शब्द शिकवायची त्यांची रीत वेगळी होती. रोज फळ्याच्या कोपऱ्यात पाच इंग्रजी शब्द. डिक्शनरी उघडायची नाही. शब्दाचा प्रसंग त्या मराठीत सांगत आणि तो प्रसंग घरी नेऊन विचारायचा, अशा वेळी आपल्या घरी काय म्हणतात. दुसऱ्या दिवशी पोरं घरचे शब्द घेऊन यायची. कुणी पोवारीतला आणायचा, कुणी झाडीबोलीतला, राईस मिलजवळ राहणारे हिंदी. एकदा शब्द होता 'रिलक्टंट'. काम टाळत नाही, पण पाय उचलत नाही, असा माणूस. पटले नावाच्या मुलाने सांगितलं, "मॅडम, आमचा मोठा बैल. पावसात गोठ्यातून काढला तं निघते, पन आमच्याकडं पाहत पाहत निघते." मॅडमनी फळ्यावर 'रिलक्टंट'समोर बैल लिहिला. आठवडाभर पुसू दिला नाही. निरीक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हे काय. मॅडम म्हणाल्या, "अर्थ."

अलंकारांच्या वेळी त्यांनी एका शनिवारी सगळा वर्ग हायवेवर नेला. नागपूर-रायपूर रस्ता शाळेपासून चार मिनिटांवर होता. प्रत्येकाने वीस ट्रकांच्या मागे लिहिलेलं उतरवायचं आणि खाली अलंकाराचं नाव लिहायचं. आम्ही ढाब्याच्या कडेला रांगेत उभे राहिलो. 'रायपूर की रानी' हा अनुप्रास. 'हवा मेरी सहेली' हे चेतनगुणोक्तीत बसवायचं की रूपकात, यावर दोन बाकांचं भांडण झालं. 'मैं निकली तो सूरज पीछे' ही अतिशयोक्ती सगळ्यांना लगेच सापडली. ढाबेवाल्याने चौकशी केली तेव्हा कुणीतरी सांगितलं, आम्ही इंग्रजी शिकून राहिलो. ट्रक हिंदी, पोरं झाडीची, विषय इंग्रजी. तो मान हलवत आत गेला आणि शाळेत फोन केला.

सोमवारी मुख्याध्यापक बिसेन सर वर्गाच्या दारात आले.

"मॅडम, तुमी पोरी रोडवर उभ्या करता?"

"मुलंही होती सर."

"लोक बोलून राहिले."

"काय बोलून राहिले?"

"का ट्रक मोजायले शाळा कायले पायजे."

मॅडमनी हातातल्या खडूची पट्टी घट्ट केली. "पुस्तकात अनुप्रासाची दोन उदाहरणं आहेत सर. रोडवर एका तासात चौदा सापडली. पुढच्या शनिवारी नाही नेत." नेलं नाही. पण शनिवार आला की आमच्यातले अर्धे सायकल ढाब्याजवळ हळू करायचे.

मॅडमची ओळख मात्र त्यांच्या दोन पानांनी होती.

त्या काळी आमच्याकडे इंग्रजीचा अभ्यास म्हणजे गाईड. धड्यातल्या पात्राचं स्वभावचित्र गाईडमध्ये आठ ओळींत असे. ते पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं. मॅडमनी गाईडला विरोध केला नाही. वर्षाच्या पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना दोनशेपानी वही आणायला सांगितली आणि नियम दिला. डाव्या पानावर पेपरचं उत्तर, गाईडमधलं, जसंच्या तसं. उजव्या पानावर आपलं.

"पेपर तपासणारा माणूस थकलेला असतो," त्या म्हणाल्या. "गठ्ठा संपवून त्याला घरी जायचं असतं. त्याला पाहिजे ते द्या. डावं पान त्याच्यासाठी. उजवं तुमच्यासाठी. परीक्षेत उजवं लिहायचं नाही."

उजवं पान भरायची पद्धत अशी. धडा संपला की एका मुलाने किंवा मुलीने टेबलाजवळ उभं राहायचं आणि त्या धड्यातलं पात्र व्हायचं. वर्गाने प्रश्न विचारायचे. पात्राने उत्तरं द्यायची. जहाजासोबत बुडणाऱ्या कप्तानाचा धडा होता. गाईडमध्ये तो शूर आणि कर्तव्यदक्ष. पटले कप्तान होऊन उभा राहिला तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बुडाच्या आधी बायकोले विचारलं होतं काय?" पटले म्हणाला, "नाई." वर्गाने उजव्या पानावर लिहिलं : कप्तान शूर होता. त्याने घरी सांगितलं नव्हतं.

डिसेंबरात अ‍ॅग्नेसचा धडा आला. अ‍ॅग्नेस ही एका मोठ्या घरातली मोलकरीण. चाळीस वर्षं काम करते. म्हातारी झाल्यावर मालक तिला निरोप देतात, सगळं कुटुंब दिवाणखान्यात जमतं आणि तिला एक सुंदर घड्याळ भेट देतात. ती डोळे पुसते. धडा तिथे संपतो. गाईडचं उत्तर होतं : अ‍ॅग्नेस इज लॉयल, हंबल अँड कन्टेन्टेड. प्रामाणिक, नम्र आणि समाधानी.

मॅडमनी हिरकन्या मेश्रामला उभं केलं.

हिरकन्या माझ्या बाकावर बसायची. वर्गात पहिल्या पाचांत होती. तिची आई सौंदडला एका व्यापाऱ्याच्या घरी धुणं-भांडी करायची आणि हंगामात धानाच्या रोवणीला जायची. नागपूरला मावशी होती. दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली तर मावशी तिला अकरावी सायन्सला नेणार होती. मावशीने दिवाळीत तसं सर्वांसमोर सांगितलं होतं. हिरकन्या ते रोज एकदा तरी मला सांगायची.

ती टेबलाजवळ उभी राहिली. कुणीतरी विचारलं, "अ‍ॅग्नेसबाई, तुमी खूश आहा काय?"

हिरकन्या म्हणाली, "आता जाऊ कोठी?"

"घरी जा."

"घर कोठी आहे माझं? पुस्तकात लिवलंच नाई."

आम्ही धडा चाळला. खरंच, अ‍ॅग्नेसच्या घराचा उल्लेख नव्हता.

मॅडमनी विचारलं, "घड्याळ आवडलं का तुला?"

"घडी कायले देल्ली मॅडम? टाइम तं माझाच घेतला त्याईनं."

वर्ग हसला. हिरकन्या हसली नाही. मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आयरनी' लिहिलं. महिनाभर तो उपरोधाचा अलंकार शिकवायचा प्रयत्न चालला होता, कुणाला कळत नव्हता. त्या दिवशी त्यांनी व्याख्या दिली नाही. म्हणाल्या, "हिरकन्या आत्ता जे बोलली ते."

"पण गाईडवाला समाधानी म्हणते," पटले म्हणाला.

"माझी माय बी लोकाच्या घरी कामाले जाते," हिरकन्या म्हणाली. "तिले कोनी समाधानी म्हटलं तं माय हासल."

तेही उजव्या पानावर गेलं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी प्रत्येकाला एकेक करून जवळ बोलावलं. वहीच्या डाव्या पानावर हात ठेवायला लावला आणि विचारलं, "पेपरात कोणतं?" प्रत्येकाने सांगितलं, "डावं." हिरकन्यानेही सांगितलं. मी तिच्या मागे उभी होते.

इंग्रजीच्या पेपरला चार मोठे प्रश्न आले. त्यातला एक अ‍ॅग्नेसवर, एक कप्तानावर. निकाल जूनमध्ये लागला. हिरकन्या बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत नापास. सव्वीस गुण.

त्या चार उत्तरांना किती गुण मिळाले होते, हे कुणालाच कळलं नाही. तेव्हा गुणांची फेरमोजणी व्हायची, उत्तरपत्रिका दाखवत नसत. फेरमोजणीत बेरीज बरोबर निघाली. तिच्या व्याकरणात चुका झाल्या असतील, पत्रलेखन राहिलं असेल, हेही शक्य आहे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या गाडीच्या वेळी स्टेशनवर जाऊन उभी राहिली. मी सोबत गेले होते. मॅडम उतरल्या तशी ती म्हणाली, "मॅडम, मी चारी उत्तरं उजवीकडची लिवली."

मॅडमनी पिशवी खाली ठेवली. "काऊन?"

हिरकन्या फलाटाकडे बघत म्हणाली, "विसरली. डावं कोनतं, उजवं कोनतं, गोंधळ झाला."

गाडी निघून गेली तरी मॅडम तिथेच उभ्या होत्या. मग त्यांनी छत्री उघडली. पाऊस नव्हता, ऊनही फार नव्हतं. तिघी शाळेपर्यंत चालत गेलो.

मावशीने नागपूरला हिरकन्याऐवजी तिच्या धाकट्या बहिणीला शिकायला नेलं. एकाच मुलीची सोय होती. हिरकन्या आईसोबत रोवणीला गेली. जुलै ते ऑक्टोबर मॅडम दर शनिवारी शाळा सुटल्यावर सौंदडला थांबायच्या, संध्याकाळच्या गाडीपर्यंत तिच्याकडून डावी पानं पाठ करून घ्यायच्या. उजव्या पानांचा विषय दोघींनीही काढला नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत हिरकन्या पास झाली. पुढे बारावी आर्ट्स, मग नर्सिंगचा कोर्स, मग देवरी तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रावर नोकरी. सायन्स राहिलं.

शाळेत पुढच्या वर्षीपासून उजवं पान बंद झालं. मॅडमनी कुणाला कारण सांगितलं नाही. टेबलाजवळ पात्र उभं करणंही थांबलं. फळ्याच्या कोपऱ्यातले शब्द राहिले, पण अर्थ त्या स्वतःच लिहू लागल्या. बिसेन सर समाधानी होते. इंग्रजीचा निकाल दरवर्षी वाढत गेला.

२००७ साली मी जिल्ह्यातल्या शाळांच्या निकालांवर बातमी करत होते. त्या शाळेत गेले तेव्हा मॅडम दहावीच्या वर्गात उत्तरं सांगत होत्या. मी दाराबाहेर उभी राहून ऐकलं. आवाज तोच, हळू. स्वल्पविराम, पूर्णविराम यांसह एकेक वाक्य त्या दोनदा सांगत होत्या. मुलं मान खाली घालून लिहीत होती. तासभरात एकही प्रश्न आला नाही. पूर्वी गोंगाट झाला की त्या खिडकीबाहेर बघायच्या. आता शांत वर्गातही त्या खिडकीबाहेर बघत सांगत होत्या.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. मी विचारलं, "मॅडम, उजवं पान?"

"वही दोनशेपानी लागायची," त्या म्हणाल्या. "आता शंभरात भागतं."

"मुलांना आवडायचं."

"हो." त्यांनी कप खाली ठेवला. "आवडण्याचे मार्क वेगळे असते तर बरं होतं. हिरकन्या कशी आहे?"

"चांगली आहे. नोकरी लागली."

"चुकलं ते माझं," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षांच्या पोरीला एक गोष्ट दोन तऱ्हेनं शिकवायची, आणि पेपरला बसवून म्हणायचं, ओळख आता. मोठी माणसं गोंधळतात." एवढंच बोलून त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. माझ्या बातमीत त्या शाळेचा उल्लेख उत्तम निकालाची शाळा म्हणून आला.

परतीच्या गाडीत त्या भेटायच्या तेव्हा कधी कधी एखादं वाक्य मध्येच बोलत. एकदा झोपेतून जाग येऊन म्हणाल्या, "तो पटलेचा बैल अजून आहे का?" मी म्हटलं, माहीत नाही. "विचार कधीतरी," म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले. मी विचारलं नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोपाचा कार्यक्रम शाळेच्या अंगणात, दुपारच्या मांडवाखाली. बिसेन सर आधीच निवृत्त झाले होते, नव्या मुख्याध्यापकांना शाळेत येऊन पाचच वर्षं झाली होती. पुस्तकही कधीच बदललं होतं. अ‍ॅग्नेस अभ्यासक्रमात नव्हती. म्हणून जे झालं त्यात कुणाचा हेतू नव्हता. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि शिक्षकांनी मिळून सडक अर्जुनीहून आणलेली भेट दोन मुलींनी मंचावर नेली. कागद काढला. भिंतीवरचं घड्याळ होतं. सोनेरी काठ, खाली लंबक.

आमच्या बॅचचे सात-आठ जण आलो होतो. पटले माझ्या मागे होता. त्याने नुसताच श्वास सोडला. हिरकन्या बायकांच्या रांगेत शेवटी बसली होती, चिचगडकडच्या गाडीने थेट ड्यूटीवरून आली होती.

मॅडमनी घड्याळ दोन्ही हातांनी घेतलं, थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि टेबलावर ठेवलं. मग माईकजवळ गेल्या. भाषण चार वाक्यांचं झालं. शाळेने मला संधी दिली. मी शाळेशी प्रामाणिक राहिले. तुम्ही सगळे मोठे झालात, मी आहे तेवढीच आहे. मी समाधानी आहे.

क्रम तोच होता. लॉयल, हंबल अँड कन्टेन्टेड.

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर मागून हिरकन्याचा आवाज आला. ती उभी राहिली नव्हती.

"मॅडम, हे तं डाव्या पानाचं झालं."

आमच्या बॅचचे लोक हसले. बाकीच्यांना काही कळलं नाही. मुख्याध्यापकांनी मंचाच्या डाव्या बाजूला पाहिलं. मॅडमनी माईक हाताने बाजूला केला. "उजवं पान बंद झालं हिरकन्या," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं झाली." आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. सूत्रसंचालकाने आभार मानायला सुरुवात केली.

संध्याकाळच्या गाडीला तिघी स्टेशनवर गेलो. घड्याळ हिरकन्याने उचललं होतं, पिशवी माझ्याकडे. छत्री मॅडमनी कुणाला दिली नाही. फलाटावर एकच बाक रिकामा होता. मॅडम बसल्या, आम्ही उभ्या राहिलो.

हिरकन्याने विचारलं, "काऊन बंद केलं मॅडम?"

"पोरं गोंधळतात. पेपरात डावं कोणतं अन् उजवं कोणतं, ध्यानात राहत नाही."

"कोन गोंधळलं?"

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "तू."

हिरकन्याने घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग रुळांकडे बघत तिने अ‍ॅग्नेसचं डावं पान म्हणायला सुरुवात केली. आठही ओळी, इंग्रजीत, न अडखळता, कन्टेन्टेडच्या पूर्णविरामापर्यंत. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मान वळवून पाहिलं.

"ते ऑक्टोबरात मी पाठ करून घेतलं होतं," मॅडम म्हणाल्या.

"मार्चात बी पाठ होतं. चारी उत्तरं."

"विसरली म्हणालीस."

"खोटं बोलली." हिरकन्याचा आवाज खाली गेला. "पानावर हात ठेवून तुमाले शब्द देल्ला होता. मोडला म्हटलं असतं तं तुमाले वाटलं असतं, पोरीनं आयकलं नाई. विसरली म्हटलं तं चालल, असं वाटलं."

"मग लिहिलं काऊन?"

"माय आली होती पेपरले सोडाले. मालकिणीकडचं काम टाकून. तीन तास गेटजवळ बसून होती उन्हात. खिडकीतून दिसे. आन मी लिहू, का मोलकरीण समाधानी होती मनून?" तिने घड्याळ सावरलं. "एक उजवं लिवलं, मंग बाकीचे तीन डावे लिवाची लाज वाटली."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. "तुझं सायन्स गेलं," त्या म्हणाल्या.

"गेलं. ते मी घालवलं. तुमी पोराईचं पान काऊन बंद केलं? मला काय माहीत, तुमी बंद करान मनून. मला आज समजलं."

गाडीची घंटा झाली. मॅडम उठल्या. घड्याळाकडे बोट करून म्हणाल्या, "हे तू ने. तुझ्या दवाखान्यात लाव."

"मी कायले नेऊ? टाइम तुमचा घेतला शाळेनं."

मॅडम हसल्या. बारा वर्षांत त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेही फार वेळ टिकलं नाही. हिरकन्याने घड्याळ डब्याच्या दारातून आत दिलं. गाडी हलली तेव्हा ती फलाटावर हात खाली सोडून उभी होती. पांढऱ्या साडीची निळी किनार लांबपर्यंत दिसत राहिली.

मॅडम खिडकीशी बसल्या, मी समोर. सवयीने त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली. तपासायला वही नव्हती. पेन्सिल तशीच बोटांत राहिली. दोन स्टेशनं गेली तरी त्या झोपल्या नाहीत.

"तू कोणतं लिहिलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"डावं."

"किती पडले?"

"एकसष्ट."

"बरे पडले." त्या बाहेर बघत राहिल्या. शेतं कापून झालेली, धुऱ्यांचे बांध काळे पडलेले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आजच्या कार्यक्रमाची बातमी देशील?"

"द्यावी लागेल. छोटी."

"काय लिहिशील?"

"सत्काराला उत्तर देताना मॅडमनी समाधान व्यक्त केलं, असं."

त्यांनी मान हलवली. "तसंच लिही. वाचणारा थकलेला असतो."

गोंदियाला गर्दी होती. मला उलट्या बाजूने ऑफिसला जायचं होतं. मी पिशवी त्यांच्या खांद्याला अडकवून दिली, घड्याळ घरापर्यंत पोचवते म्हटलं, त्यांनी नको म्हटलं. पुलाच्या पायऱ्या त्या एकेक करून चढल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हाताने घड्याळ छातीशी धरलेलं, पेन्सिल त्याच मुठीत. मधल्या टप्प्यावर त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि दम घेतला. लोक बाजूने जात राहिले. घड्याळात सेल घातलेला नव्हता. लंबक त्यांच्या श्वासाबरोबर थोडा थोडा हलत होता.